स्टेपनीवरचा नंबर

मे महिन्याच्या सुट्टीत मी दिल्लीला घरी गेलो होतो. पप्पांची पोस्टिंग सध्या दिल्ली कॅन्टोन्मेंटला आहे. एका रविवारी आम्ही सगळे ताजमहाल बघायला आग्र्याला गेलो. परत येताना यमुना एक्सप्रेसवेवर जेवरच्या टोलनाक्याच्या अलीकडे आमच्या स्कॉर्पिओचे मागचे डावे चाक पंक्चर झाले. दुपारचे चार वाजले होते. तो रस्ता सिमेंट काँक्रीटचा आहे, त्यामुळे चपलेतूनही चटका बसत होता. पप्पांनी गाडी अगदी कडेला घेतली, मागे लाल त्रिकोण ठेवला आणि आई, आजी व ताईला कठड्यापलीकडे उभे केले. मग आम्ही दोघांनी गाडीखाली टांगलेली स्टेपनी खाली उतरवली.

चाक बसवले, नट आवळले, जॅक खाली घेतला आणि मी दोन पावले मागे येऊन पाहिले. गाडी डावीकडे कलली होती. फॉल-इनमध्ये एका पायावर भार देऊन उभ्या राहणाऱ्या कॅडेटसारखी ती दिसत होती. आपल्या ड्रिल उस्तादांनी पाहिले असते तर तिला मैदानाच्या दोन फेऱ्या मिळाल्या असत्या!

पप्पांना वाटले, स्टेपनीत हवा कमी असेल. पण चाक दाबून पाहिले तर ते टणक होते. मी खाली वाकून टायरवरचा नंबर वाचला. स्टेपनीवर होते २३५/६५ आर १७. बाकीच्या तिन्ही टायरवर होते २६५/६५ आर १७. ही गाडी पप्पांनी दोन वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतली. आधीच्या मालकाने चारही टायर मोठे टाकले होते आणि स्टेपनी तेवढी कंपनीची ठेवली होती. दोन वर्षांत ती काढायची वेळच आली नव्हती, म्हणून आम्हाला हे कधी कळलेच नाही.

घरी पोहोचेपर्यंत पप्पांनी वेग साठच्या वर नेला नाही. रात्री जेवताना ते म्हणाले, "जूनमध्ये याच गाडीने सगळ्यांना घेऊन गावाला जायचंय, तुला शाळेत सोडायचंय. दीड हजार किलोमीटरच्या वर रस्ता आहे. कुठले टायर टाकायचे ते तू शोधून काढ. पण दुकानदार काय म्हणतो ते मला सांगू नकोस, हिशेब दाखव."

तो हिशेब मी आपल्या मासिकासाठी इथे मांडतो आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता एसयूव्ही आहे आणि टायर बदलायची वेळ प्रत्येक गाडीवर येतेच.

नंबर वाचायचा कसा?

स्टेपनीवर पूर्ण नंबर असा होता: २३५/६५ आर १७ १०४ एच. सुरुवातीला मला तो एखाद्या कोडवर्डसारखा वाटला. पण त्यातला प्रत्येक भाग वेगळी माहिती सांगतो.

२३५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नसून रुंदीच्या टक्केवारीत असते. म्हणजे २३५ चे ६५ टक्के. इथेच बरेच लोक फसतात. रुंदी वाढवली आणि ६५ तसेच ठेवले, तर भिंतीची उंचीही आपोआप वाढते. 'आर' म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या दोऱ्यांची रचना. हे तंत्र फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ साली पेटंट केले आणि आज बहुतेक सर्व मोटारींना तेच टायर असतात. १७ म्हणजे टायर ज्या रिमवर बसतो तिचा व्यास, इंचांमध्ये. एकाच नंबरात मिलिमीटर, टक्के आणि इंच तिन्ही आहेत, हे पाहून आपल्या गणिताच्या सरांना नक्की आनंद होईल.

शेवटचे १०४ हा भाराचा अंक आहे. तो किलो नसून ठरलेल्या तक्त्यातला क्रमांक आहे. १०० म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ८०० किलो, १०२ म्हणजे ८५०, १०४ म्हणजे ९०० आणि १०८ म्हणजे १००० किलो. त्यापुढचे अक्षर वेगाचे. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. एवढ्या वेगाने गाडी चालवायची असे मात्र त्याचा अर्थ नाही. त्या वेगाला निर्माण होणारी उष्णता टायर सहन करू शकतो, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आपल्या गाडीला कोणता नंबर हवा, हे कुठे मिळते? ड्रायव्हरचे दार उघडा. दाराच्या चौकटीवर किंवा दाराच्या कडेला एक स्टिकर असते. त्यावर टायरचे माप आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. तेच गाडीच्या मॅन्युअलमध्येही असते. आमच्या गाडीच्या दारावर २३५/६५ आर १७ असेच होते. म्हणजे रस्त्यावर धावणारे चारही टायर चुकीचे आणि गाडीखाली टांगलेला पाचवा बरोबर!

उन्नीस-बीसचा फरक

दुसऱ्या दिवशी आम्ही एका टायरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आमचे मोठे टायर बघितले आणि म्हणाला, "सर, ये तो फॉर्च्युनर वाला साइज है. लुक देखिए गाड़ी का! छोटा क्यों लगाना? उन्नीस-बीस का ही तो फर्क है."

एक गोष्ट त्याची खरी होती. २६५/६५ आर १७ हे माप टोयोटाच्या फॉर्च्युनरला कंपनीकडूनच येते. पण ती गाडी वेगळी, तिची रिम वेगळी, तिचे मीटर वेगळे. मी खिशातली वही काढली.

मूळचा टायर: २३५ चे ६५ टक्के म्हणजे १५२.७५ मिमी. भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून दुप्पट, ३०५.५ मिमी. रिम १७ इंच गुणिले २५.४, म्हणजे ४३१.८ मिमी. एकूण व्यास ७३७.३ मिमी.

मोठा टायर: २६५ चे ६५ टक्के १७२.२५, दुप्पट ३४४.५, अधिक तीच रिम ४३१.८. एकूण व्यास ७७६.३ मिमी.

फरक ३९ मिमी. जवळजवळ चार सेंटिमीटर. एक्सप्रेसवेवर गाडी कलली ती यामुळेच, कारण स्टेपनीचा मध्य जमिनीपासून दुसऱ्या चाकाच्या मध्यापेक्षा साडेएकोणीस मिमी खाली होता. टक्क्यांत हा फरक ५.३ येतो. गंमत म्हणजे वीसला एकोणीसने भागले तर १.०५२६ येते, म्हणजे सव्वापाच टक्के. दुकानदार बोलायला म्हणून 'उन्नीस-बीस' म्हणाला, पण फरक खरोखरच तेवढा होता. आता हे सव्वापाच टक्के काय काय करतात ते पाहू.

पहिली गोष्ट, मीटर. गाडीच्या मीटरला रस्ता दिसत नाही. तो चाकाच्या फेऱ्या मोजतो आणि एका फेरीत किती अंतर होते ते गृहीत धरतो. मूळच्या टायरचा परीघ व्यास गुणिले पाय, म्हणजे सुमारे २३१६ मिमी. मोठ्याचा सुमारे २४३९ मिमी. प्रत्येक फेरीत गाडी १२ सेंटिमीटर जास्त जाते आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो.

हे वहीत बरोबर दिसत होते, पण पप्पांना प्रत्यक्ष पाहायचे होते. पंक्चर काढलेले चाक परत बसवल्यावर एका पहाटे आम्ही गुरुग्रामच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर गेलो. पप्पांनी काटा बरोबर ८० वर स्थिर ठेवला. ताईने मोबाइलवर जीपीएसचा वेग वाचला: ८२. तीन वेळा केले, तिन्ही वेळा ८२. म्हणजे मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवत होता. नियम नेमका उलटा आहे. स्पीडोमीटरने थोडा जास्त वेग दाखवला तर चालतो, पण प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवता कामा नये.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या रविवारी यमुना एक्सप्रेसवेवरच पप्पांना ई-चलन आले होते. तिथे कारला १०० ची मर्यादा आहे आणि कॅमेऱ्याने १०९ पकडले होते. पप्पा आठवडाभर म्हणत होते, "काटा एकशेदोनच्या वर गेलाच नव्हता." मी हिशेब केला. १०२ दाखवत असेल तर खरा वेग साडेचारशे-पाचशे मीटर नव्हे, ताशी अडीच किलोमीटरने जास्त, म्हणजे १०४ ते १०५. मी वही पुढे केली आणि गप्प बसलो. पप्पांनी ती दोनदा वाचली. मग म्हणाले, "एवढे टायरचे. उरलेले माझ्या पायाचे." आणि चलन त्याच रात्री भरले.

दुसरी गोष्ट, किलोमीटर. दीड हजार किलोमीटर गाडी चालली तर मोठ्या टायरवर ओडोमीटर सुमारे ७५ किलोमीटर कमी दाखवतो. पप्पांची जुनी तक्रार होती की ही गाडी अॅव्हरेज देत नाही. त्यातला काही भाग निव्वळ या चुकीच्या मोजणीचा होता. बाकीचा भाग खरा होता, कारण मोठा टायर जड असतो आणि त्याला फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो. ब्रेक मात्र तेच राहतात.

तिसरी गोष्ट, रिम. २६५ रुंदीच्या या टायरला साधारण साडेसात इंच किंवा त्याहून रुंद रिम लागते. आमची त्याहून अरुंद आहे. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या भिंती बाहेर फुगतात, तळ सपाट टेकत नाही आणि वळणावर टायर डगमगतो. स्टेअरिंग पूर्ण वळवले की पुढच्या चाकाचा 'खर्र' असा आवाज यायचा, तो टायर मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला घासण्याचा होता. आम्ही इतके दिवस समजत होतो की ते प्लॅस्टिक सैल झाले आहे.

चौथी गोष्ट मापांच्या सरमिसळीची. एकाच एक्सलवर दोन वेगळ्या व्यासांची चाके असली की सरळ रस्त्यावरही दोघांच्या फेऱ्या वेगळ्या होतात. मधल्या डिफरन्शियलचे काम वळणापुरते असते, इथे त्याला अखंड राबावे लागते. चारही चाकांना जोर देणाऱ्या फोर बाय फोर गाडीत तर याने यंत्रणेचे नुकसान होऊ शकते. एबीएसही चाकांच्या फेऱ्यांची तुलना करूनच काम करते, तीही गोंधळते.

मोठ्या टायरचा फायदा काहीच नाही का? आहे. गाडी साडेएकोणीस मिमी उंच होते, खड्ड्यात किंवा शेताच्या रस्त्यावर तेवढे पोट वाचते. पण त्यासाठी वरच्या चारही गोष्टी सोसाव्या लागतात.

कमी मापाचा मोह

दुसऱ्या दुकानात उलटा सल्ला मिळाला. "२२५/६५ आर १७ डाल दो, सस्ता पड़ेगा." मी लगेच व्यास काढला: २२५ चे ६५ टक्के १४६.२५, दुप्पट २९२.५, अधिक ४३१.८, एकूण ७२४.३ मिमी. मूळच्यापेक्षा फक्त १.८ टक्के कमी. टायरच्या धंद्यात साधारण नियम असा मानतात की व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत असावा. त्या नियमात हा टायर बसत होता, किंमतही कमी होती. मी पप्पांकडे बघून मान डोलावणार होतो.

तेवढ्यात पप्पांनी विचारले, "भाराचा अंक?" मी टायर फिरवून पाहिला. १०२. म्हणजे ८५० किलो. मूळचा १०४, म्हणजे ९००. एका टायरमागे ५० किलो कमी, चारांमागे २०० किलो. व्यास बघण्याच्या नादात मी तो अंकच विसरलो होतो.

कुणी म्हणेल, चार गुणिले ८५० म्हणजे ३४०० किलो, आपली गाडी भरली तरी अडीच टनांच्या आसपास, मग काय बिघडले? पण भार चार चाकांवर सारखा पडत नाही. मागे माणसे आणि सामान भरले की मागची दोन चाके जास्त उचलतात. जोरात ब्रेक लावला की भार पुढे झुकतो. खड्ड्यात चाक आदळले की त्या क्षणाला त्याच चाकावर कितीतरी जास्त ताण येतो. शिवाय तक्त्यातले किलो हे हवा पूर्ण असतानाचे. हवा कमी असेल तर क्षमताही कमी. म्हणून नियम सोपा आहे: भाराचा अंक आणि वेगाचे अक्षर कंपनीने दिले त्याइतके किंवा त्याहून जास्त, कमी कधीच नाही.

मग पर्यायी माप कधीच घ्यायचे नाही का? घेता येते, पण ते कंपनीनेच त्याच मॉडेलसाठी दिलेले असावे. फॉर्च्युनरचे उदाहरण घ्या. तिला काही प्रकारांत २६५/६५ आर १७ येतो आणि काहींत २६५/६० आर १८. पहिल्याचा व्यास ७७६.३ मिमी आणि दुसऱ्याचा ७७५.२ मिमी. रिम एक इंचाने वाढवली तेव्हा कंपनीने भिंत ६५ वरून ६० टक्क्यांवर आणली आणि एकूण चाक जवळजवळ तेवढेच ठेवले. महिंद्राच्या एक्सयूव्ही ५०० मध्येही तसेच आहे: २३५/६५ आर १७ आणि २३५/६० आर १८, व्यास ७३७.३ आणि ७३९.२ मिमी. रिम मोठी हवी असेल तर ती अशी वाढवतात.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोरपणे पाळायला सांगितले. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न अशा बदलांबद्दलच विचारू शकते.

नक्षी, वय आणि हवा

आता खरा पेच होता पैशांचा. मोठ्या टायरांची नक्षी अजून अर्धी शिल्लक होती. नव्या चार टायरांना चाळीस हजारांच्या आसपास लागणार होते आणि ताईची कॉलेजची फी त्याच महिन्यात भरायची होती. आई म्हणाली, "एवढे चांगले दिसतायत, अजून वर्षभर चालतील की."

तेव्हा मी तिला टायरचे वय दाखवले. टायरच्या भिंतीवर 'डॉट' अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात. आमच्या टायरांवर होते २२१८, म्हणजे २०१८ सालचा बाविसावा आठवडा. रबर वापरले नाही तरी जुने होते, कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात. नखाने भिंत वाकवून पाहिली तर आमच्या दोन टायरांवर अशा भेगा होत्या. मिशेलिनचा सल्ला असा आहे की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षे झाली की नक्षी कितीही शिल्लक असो, बदलावा. हे स्टेपनीलाही लागू आहे.

नक्षीसाठी कायद्याची मर्यादा कारला १.६ मिमी आहे. ते मोजायला पट्टी लागत नाही. नक्षीच्या खोबणीत मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पावसात चाकाखालचे पाणी बाहेर फेकायचे काम ही नक्षीच करते. आपल्याकडे समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये परिवहन विभागाने टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या, ते यासाठीच.

टायर फुटतो तो उष्णतेमुळे. चाक फिरताना टायर प्रत्येक फेरीत दबतो आणि सुटतो, त्यातून उष्णता तयार होते. हवा कमी असेल किंवा भार जास्त असेल तर तो जास्त दबतो आणि जास्त तापतो. त्यात मे महिना, काँक्रीटचा रस्ता आणि तासन्तास एकच वेग. म्हणून हवा नेहमी टायर थंड असताना, शक्यतो सकाळी, स्टिकरवर लिहिली तेवढी भरावी. टायरच्या भिंतीवर लिहिलेला दाब हा जास्तीत जास्त सहन होणारा दाब असतो, तो भरायचा नसतो. आणि प्रवासात टायर गरम झाला, दाब वाढलेला दिसला, म्हणून हवा सोडायची नाही. थंड झाल्यावर ती कमी पडेल.

आर्मीच्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. प्रत्येक चाकाच्या वर, मडगार्डवर 'टी.पी.' आणि पुढे एक आकडा रंगवलेला असतो. टी.पी. म्हणजे टायर प्रेशर. ड्रायव्हर बदलला, युनिट बदलली, तरी आकडा चाकाच्या डोक्यावर लिहिलेला असतो आणि कुणाला अंदाज करावा लागत नाही. पप्पा म्हणाले, "पंचवीस वर्षं मी तो आकडा बघतोय, आणि स्वतःच्या गाडीच्या दारावरचं स्टिकर कधी वाचलं नाही."

शेवटी काय घेतले?

पप्पांनी चार नवे टायर घेतले, २३५/६५ आर १७ १०४ एच, हायवेच्या नक्षीचे. चिखलासाठी मोठ्या गाठींच्या नक्षीचे टायर मिळतात, पण ते पक्क्या रस्त्यावर आवाज करतात आणि पावसात कमी पकड देतात. आमची गाडी महिन्यातले एकोणतीस दिवस डांबरावरच असते. स्टेपनी २०१७ ची, माप बरोबर आणि भेगा नाहीत, म्हणून ती ठेवली, पण फक्त अडचणीपुरती. पैशांसाठी पप्पांनी आपला नवा मोबाइल घेण्याचा बेत पुढे ढकलला.

दुकानात आम्ही एवढ्या गोष्टी पाहिल्या. टायर बसवण्याआधी प्रत्येकावरचे पूर्ण माप, भाराचा अंक आणि तयार झाल्याचा आठवडा स्वतः वाचला. आयएसआयचा शिक्का पाहिला, कारण २००९ च्या सरकारी आदेशाने तो टायरांना सक्तीचा केला आहे. व्हॉल्व्ह नवे बसवून घेतले. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घेतले. बिलावर माप लिहून घेतले. चारऐवजी दोनच टायर घ्यायचे असतील तर ते एकाच एक्सलवर हवेत, आणि नवी जोडी मागे लावावी. मागची पकड आधी सुटली तर गाडी गिरकी घेते आणि ती सावरणे कठीण असते.

त्या पहाटेची चाचणी आम्ही पुन्हा केली. काटा ८०, जीपीएस ७८. आधी ८२, आता ७८. दोघांचा भागाकार करून पाहा, तेच पाच टक्के येतात. वहीतला आकडा रस्त्यावर तसाच निघालेला पाहून मला जो आनंद झाला, तो गणिताच्या पेपरात पूर्ण गुण मिळूनही झाला नव्हता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. आमच्या क्वार्टरजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ पुढे जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे करत साताऱ्यावरून जातो, हे मला नकाशा बघताना प्रथमच लक्षात आले. वाटेत दोन मुक्काम केले. दर सकाळी निघण्याआधी टायर थंड असताना हवा तपासायचे काम माझे होते आणि मी आकडे वहीत लिहीत होतो. खंबाटकीच्या घाटात पहिल्या पावसाची जोरदार सर आली. आजी मागच्या सीटवर झोपली होती. पप्पांनी वेग कमी केला, गाडी वळणावर सरळ रेषेत राहिली आणि आजीला जाग आली नाही.

आपल्याला बूट मिळतात तेव्हा काही जण मुद्दाम एक नंबर मोठा घेतात, कारण तो भारी दिसतो. तिसऱ्या दिवशी टाचेला फोड येतात आणि रूट मार्चला तेच सगळ्यात मागे असतात. मीही सातवीत ते केले आहे. टायरचे ते मोठे माप पाहून मला तो बूट आठवला.

पुढच्या महिन्यात पालक भेटीचा दिवस आहे. त्या दिवशी शाळेच्या मैदानावर खूप गाड्या उभ्या असतील. डबा उघडण्याआधी पाच मिनिटे काढा. ड्रायव्हरचे दार उघडून स्टिकर वाचा, मग चारही टायर वाचा, आणि शेवटी गाडीखाली वाकून स्टेपनीही वाचा. पाचही नंबर स्टिकरशी जुळले तर उत्तम. जुळले नाहीत तर वही-पेन घेऊन बाबांशेजारी बसा. हिशेब दहा मिनिटांचा आहे.